जट, जटा आणि ड्रेडलॉक्स : लेकीच्या केसांवरून पडलेला प्रश्न

गोदाकाठची | सोमवार, रात्री १०.४५

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले आहे. आज पहिल्यांदा स्वतःहून धागा काढतेय, कारण चार रात्री नीट झोप नाही.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, नाशिकमध्येच शिकते. गेल्या गुरुवारी ती कॉलेज रोडवरच्या एका सलूनमधून डोकंभर ड्रेडलॉक्स, म्हणजे केसांचे मुद्दाम गुंतवलेले दोर, करून घरी आली. पैसे तिचे स्वतःचे, सातवी-आठवीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले. मला आधी काही बोलली नव्हती. मी दार उघडलं आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "जट!"

तिला तो शब्द माहीतच नव्हता. म्हणजे आम्हीच तो तिला कधी कळू दिला नव्हता.

माझ्या धाकट्या आत्याच्या डोक्यात जट होती. निफाड तालुक्यातलं आमचं गाव. आत्या बारा वर्षांची असताना मोठ्या तापातून उठली. महिनाभर केसांना फणी लागली नव्हती, मानेवर गुंता झाला. चार दिवस तेल लावून कुणी धीराने बसलं असतं तर सुटला असता. पण शेजारची एक म्हातारी म्हणाली, देवी आलीय, हात लावाल तर घरावर कोप होईल. त्यानंतर त्या गुंत्याला फणी लावायची कुणाची छाती झाली नाही. हळदकुंकू वाहायला लागले. आत्याचं लग्न झालं नाही. मागणी आलीच नाही, कारण देवीच्या बाईला मागणी कोण घालणार? एकतीस वर्षं तिने ते ओझं मानेवर वागवलं. तिला उताणं झोपता यायचं नाही. पावसाळ्यात जट आतून ओली राहायची, वास यायचा. कार्यात लोक तिच्या पाया पडायचे आणि जेवताना तिच्या ताटाशेजारी बसायचं टाळायचे. मी लहानपणी दोन्ही बघितलं आहे.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आमच्या घरी तीन वेळा आले. दोनदा आजीने त्यांना चहासुद्धा न देता परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला आत्या स्वतः ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, काढा. दोन तास लागले. कापून झाल्यावर तिने मानेच्या मागे हात नेला आणि कितीतरी वेळ तो तिथून काढलाच नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, तिच्या शेजारी उभी होते.

आता माझी लेक पैसे मोजून तेच डोक्यावर घेऊन आली आहे, असं मला वाटलं. ती म्हणते, आई, हे माझं व्यक्त होणं आहे. वर तिच्या वर्गातल्या मैत्रिणीने तिला वेगळंच सुनावलंय की ही रचना कृष्णवर्णीय लोकांची, ती तू फॅशन म्हणून वापरणं म्हणजे कल्चरल अ‍ॅप्रोप्रिएशन. बिचारी दोन्ही बाजूंनी ऐकून घेतेय.

मी तिला काढ म्हणू का? तसं म्हणायचा मला अधिकार आहे का? आणि त्या मैत्रिणीच्या म्हणण्यात तथ्य किती? मनापासून विचारतेय.

सातपूरकर | रात्री ११.०५

केस तिचे, पैसे तिचे, वय एकोणीस. ताई, तुम्ही काही म्हणू नका. वर्षभरात तिला कंटाळा येईल नाहीतर येणार नाही. जगात कोण काय म्हणतं याचा हिशोब ठेवत बसलो तर आपण जीन्सही घालायला नको.

मेनरोडचा_वाडा | रात्री ११.३०

त्या मैत्रिणीला म्हणावं, जटा आपल्याच मातीतल्या आहेत. आपण नाशिककर. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनाच्या साधुग्राममध्ये आणि त्र्यंबकला किती जटाधारी पाहिले आपण! शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तावर, वैष्णव इथे रामकुंडावर. ब्रह्मगिरीवर जटामंदिर आहे. शंकराने तिथे जटा आपटल्या आणि गोदावरी खाली उतरली, ही कथा आपण आईच्या मांडीवर ऐकली. ज्या नदीचं पाणी पितो तीच जटेतून आलेली मानतो, तिथे 'दुसऱ्याची संस्कृती चोरली' हा आरोपच टिकत नाही.

गोदाकाठची | रात्री ११.५२

दादा, तुमचं वाचून मला एक गोष्ट पहिल्यांदाच नीट दिसली. साधूच्या डोक्यावर असते ती जटा. माझ्या आत्याच्या डोक्यात होती ती जट. एका कान्याचा फरक. केस तसेच गुंतलेले, चिकटलेले, तेवढेच जड. साधूने घर सोडताना ती स्वतः स्वीकारली, त्याची मिरवणूक निघते. आत्याला कुणी विचारलं नाही, आणि तिला घराच्या उंबऱ्याआड ठेवलं. म्हणून 'आपल्याच मातीतली' म्हणताना मला लगेच होकार देववत नाही.

हिरवाई_इंदिरानगर | सकाळी ६.४०

वाचून रात्री झोप लागली नाही. आत्या आता कशा आहेत?

गोदाकाठची | सकाळी ७.१०

सहासष्ट वर्षांच्या आहेत, गावीच असतात. केस छान पांढरे, खांद्यापर्यंत. रोज दोनदा विंचरतात. लेकीचं हे अजून त्यांना कळवलेलं नाही.

दूरदेशी_नाशिककर | सकाळी ९.१५

मी मूळचा सिडकोतला, अकरा वर्षं अटलांटात आहे. त्या मैत्रिणीची बाजू इथे कुणी मांडली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ती पोरगी उगाच बोलत नाहीये.

आपण जी रचना 'ड्रेडलॉक्स' या नावाने ओळखतो ती जगभर पोचली जमैकातल्या रास्ताफारी लोकांमुळे. १९३० मध्ये इथिओपियात हैले सेलासी गादीवर बसला आणि त्यालाच देव मानणारा हा पंथ जमैकातल्या गरीब कृष्णवर्णीयांमधून उभा राहिला. केसांना वस्तरा लावायचा नाही, हा बायबलमधला, देवाला वाहून घेतलेल्या नाझीरांचा नवस त्यांनी आपला मानला. केनियात इंग्रजांविरुद्ध लढणारे माऊ माऊ बंडखोरही केस असेच ठेवत. म्हणजे त्या केसांचा अर्थ होता, तुमच्या साहेबी नीटनेटकेपणात आम्ही बसणार नाही.

त्याची किंमत त्यांनी मोजली. १९६३ मध्ये जमैकात माँटेगो बे शहराजवळ कोरल गार्डन्स इथे दंगा झाला. त्यानंतर पोलिसांनी दिसेल त्या रास्ताला पकडलं, मारलं, जबरदस्तीने केस कापले. तिथल्या सरकारने त्याबद्दल माफी मागितली ती २०१७ मध्ये.

अमेरिकेतली गोष्ट याहून जुनी. १७८६ मध्ये लुइझियानात स्पॅनिश गव्हर्नर मिरो याने हुकूम काढला की कृष्णवर्णीय बायकांनी केस फडक्याने झाकावेत, कारण त्यांच्या सजवलेल्या केसांकडे लोक वळून बघत. बायकांनी ती फडकीच इतकी देखणी बांधली की हुकूम काढणाऱ्याचा हेतू फसला. आणि अगदी अलीकडचं सांगतो. २०१० मध्ये अलाबामात एका मुलीला मिळालेली नोकरी गेली, कारण तिने लॉक्स कापायला नकार दिला. खटला चालला, २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाचा निकाल तिच्या विरोधात गेला. कोर्टाचं म्हणणं असं की केसांचा पोत जन्मजात असतो, रचना बदलता येते, म्हणून हा वंशभेद नाही. पुढे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने पहिल्यांदा कायदा करून वेण्या, लॉक्स, ट्विस्ट या रचनांना संरक्षण दिलं, मग बऱ्याच राज्यांनी.

आता विचार करा. ज्या केसांपायी एकीची नोकरी जाते, तेच केस गोऱ्या मॉडेलच्या डोक्यावर आले की मासिकात 'या मोसमाची नवी फॅशन' म्हणून छापतात. राग केसांचा नाही, या दुटप्पीपणाचा आहे. माझ्या टीममधल्या एका बाईंना मी आज तुमचा प्रश्न सांगितला. त्या म्हणाल्या, मुलीला एवढंच विचार, हे केस कुठून आले ते तिला माहीत आहे का.

अजून एक. भारतातून १८४५ पासून मजूर करार करून जमैकात नेले गेले, उसाच्या मळ्यांवर. 'गांजा' हा शब्द तिकडे गेला तो त्यांच्याबरोबरच. साधूंच्या जटा पाहून रास्तांनी काही घेतलं असावं असं काही अभ्यासक म्हणतात, काहींना ते पटत नाही. त्या वादात मी पडत नाही. पण उसाच्या मळ्यात राबणारी दोन माणसं, एक बिहारकडची आणि एक आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातली, एकमेकांकडून काही शिकली असतील, तर त्यात कुणी कुणाचं हडपलं असं मला वाटत नाही. दोघेही एकाच मुकादमाच्या हाताखाली होते.

सातपूरकर | सकाळी ९.४०

हे मला खरंच माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा तसाच राहतो. अलाबामाच्या कोर्टाचा गुन्हा नाशिकच्या पोरीच्या डोक्यावर का? तिने कुणाची नोकरी घेतली नाही.

वस्तरा_पंचवटी | दुपारी २.२०

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं म्हणून लिहितो. माझं पंचवटीत दुकान आहे, आम्ही तीन पिढ्या हेच काम करतो. आजोबा रामकुंडावर बसायचे. दहाव्याला आलेल्या लोकांची डोकी करायचे, मुंडणं करायचे. माझ्या लहानपणी आजोबा घरी आले की आधी अंगणात आंघोळ, मग आत. कामाला सगळे बोलवायचे, पण पाणी वरून ओतायचे.

माझा मुलगा आज गंगापूर रोडला एका मोठ्या सलूनमध्ये आहे. त्याला तिथे 'हेअर आर्टिस्ट' म्हणतात. तीच कात्री, तोच हात. मला आनंद आहे, पण आत काहीतरी दुखतंही. तो हात आमच्या जातीचा होता तोवर त्याला पाणी वरून मिळालं. काचेच्या दारात गेला तेव्हा कला झाला. दूरदेशी साहेबांनी जे लिहिलं ते मला तिथल्या भाषेत कळलं नसतं, पण हे असं कळलं.

आता कामाचं बोलतो. ताई, मुलीच्या केसात जे केलंय त्याला जट म्हणू नका. जट म्हणजे न धुतलेला, न विंचरलेला, तेल-धूळ-कुंकू बसून घट्ट झालेला एकच गोळा किंवा दोर. ड्रेडलॉक्स करताना केसांचे चौकोनी भाग पाडतात, मुळापासून उलटा कंगवा मारतात, क्रोशाच्या बारीक सुईने केस आत ओढतात. आपल्याकडचे केस बहुतेक सरळ आणि गुळगुळीत, लवकर सुटतात, म्हणून जास्त वेळ लागतो. डोकंभर करायचे तर अख्खा दिवस जातो, आणि पक्के व्हायला पुढे कित्येक महिने. हे केस धुता येतात, धुतलेच पाहिजेत. फक्त आतपर्यंत वाळले पाहिजेत, नाहीतर बुरशी धरते. मेण लावू देऊ नका, ते आत अडकून बसतं. आणि मुळाशी ओढ बसत असेल, टाळू दुखत असेल तर लगेच सैल करून घ्या. कायम ताण राहिला की कपाळाकडून केस मागे सरकतात, मग ते परत येत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. विधवांचं केशवपन आमच्याच हातून व्हायचं. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं ठरवलं. शिकल्या-सवरल्यांचे लेख चालूच होते, आणि हातात वस्तरा असलेल्यांनी तो खाली ठेवला. हे माझे आजोबा प्रत्येक नव्या पोराला सांगायचे.

हिरवाई_इंदिरानगर | दुपारी २.४५

दादा, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. आभार.

मेनरोडचा_वाडा | दुपारी ३.३०

रामकुंडाजवळच्या वाड्यात वाढलो तरी वस्तरा दादांनी लिहिलेलं आमच्या घरात कधी बोललं गेलं नाही. वरून पाणी ओतणाऱ्यांत आमचंही घर असणार. जटामंदिराचा दाखला मी फार सहज दिला, काल.

शाळेच्या_बाई | सायंकाळी ५.५०

मी तीस वर्षं शिकवते आहे. थोडं विरोधात लिहिते, राग मानू नका. दोन वेण्या, वर बांधलेल्या, लाल रिबिनी, हा नियम मुलींना जाच म्हणून आला नाही. उवा होऊ नयेत, कारखानदाराची मुलगी आणि मोलकरणीची मुलगी एका रांगेत सारख्या दिसाव्यात, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. शाळेत व्यक्त व्हायला वही आहे, फळा आहे, मैदान आहे.

पण एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. फार वर्षांपूर्वी, मी नवीन असताना, पेठ भागातल्या पाड्यावरून आमच्याकडे एक मुलगी आली. केस दाट, कुरळे, भुरे. दोन वेण्या नीट बसायच्या नाहीत, बटा सुटायच्या. रोज प्रार्थनेनंतर तिला बाजूला उभं केलं जायचं, 'झिपरी' म्हणायचे. शेवटी तिचे केस कानाच्या वर कापून टाकले गेले. नियम सगळ्यांना सारखा होता, तिच्या केसांना तो सारखा नव्हता. मी तेव्हा काही बोलले नाही. आज अलाबामाचा तो निकाल वाचला आणि ती मुलगी आठवली.

अ‍ॅड_गंगापूररोड | रात्री ८.१०

कायद्याच्या बाजूने थोडं. घटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे आणि त्यात फक्त बोलणं-लिहिणं येत नाही. २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींच्या संदर्भात स्पष्ट म्हटलं की पेहराव, बोलणं, वागणं यातून स्वतःची ओळख व्यक्त करणं हाही या स्वातंत्र्याचा भाग आहे. माझ्या मते केसही त्यातच धरायला हवेत.

मात्र हे स्वातंत्र्य सगळीकडे सारखं चालत नाही. हवाई दलातल्या एका मुस्लिम कर्मचाऱ्याला दाढी ठेवायची होती. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दलाची शिस्त मान्य केली. पोलीस, सैन्य यांची गोष्ट निराळी. खासगी मालकासमोर कलम १९ घेऊन उभं राहणं अवघडच, तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध वापरला जातो. आपल्याकडे कॅलिफोर्नियासारखा केसांचा कायदा नाही. म्हणजे उद्या मुलाखतीत त्या मुलीला कुणी 'केस नीट करून या' म्हणालं तर कोर्टात फारसं हाती लागणार नाही.

गोदाकाठची | रात्री ८.३५

ते झालंच आहे हो. शनिवारी एका ठिकाणी सुट्टीतल्या कामासाठी गेली होती. सगळं ठरलं, आणि शेवटी तिथल्या बाई म्हणाल्या, 'एवढं डोकं स्वच्छ करून ये.' ती आदल्याच दिवशी धुवून गेली होती. घरी येऊन रडली नाही. पण रात्री मला विचारलं, "आई, आत्याआजीला पण लोक असंच म्हणायचे का?" तेवढ्यासाठीच मी हा धागा काढला असावा.

नाशिकरोड_७७ | रात्री ९.३०

मी वेगळ्या बाजूने लिहितो. माझे चुलते पोतराज होते. मरीआईचा गाडा. केस कंबरेपर्यंत, कापायचे नाहीत. खणांचा घागरा, पायात घुंगरू, हातात आसूड. काकू डोक्यावर देव्हारा घेऊन पुढे. दारोदार स्वतःच्या अंगावर आसूड ओढून घ्यायचे आणि मग सुपात पसाभर धान्य पडायचं. आमच्या घरात हे थोरल्या मुलाकडे यायचं. त्याच्या इच्छेचा प्रश्न नव्हता.

बाबासाहेबांच्या चळवळीने आमच्या घरातून हे काढलं. याच नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात आमचे पणजोबा होते असं वडील सांगायचे. मंदिर उघडलं नाही. पण देव आपल्याला काय काय करायला लावतो, हा विचार त्या पिढीने घरी आणला. तरी चुलत्यांचे केस जायला अजून चाळीसेक वर्षं लागली. चौदा एप्रिलला, वस्तीसमोर, त्यांच्या मोठ्या मुलाने कापले. चुलते थरथरत होते. त्यांना भीती होती की रात्रीतून काहीतरी होईल. सकाळी उठले, काही झालं नव्हतं, तेव्हा ते पोरासारखे हसले.

आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये एका मुलाने लांब केसांचा विग लावून पोतराजाचा नाच केला. प्रेक्षकांत हशा, शिट्ट्या, बक्षीसही मिळालं. तो पोरगा चांगला नाचला, त्याची चूक नाही. पण मी उठून बाहेर गेलो. हडपणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. आम्हाला जे उतरवायला दोन पिढ्या लागल्या ते कुणीतरी दहा मिनिटांसाठी अंगावर चढवलं, टाळ्या घेतल्या आणि विंगेत जाऊन काढून ठेवलं.

ताई, तुमच्या लेकीबद्दल माझा राग नाही. तिने काय केलंय ते ती समजून घेतेय. मैत्रीण जे सांगतेय ते मात्र तिने ऐकावं.

सातपूरकर | रात्री १०.०५

नाशिकरोड दादा, मी काल जे सहज लिहिलं ते आता तसं लिहिणार नाही. 'वर्षभरात कंटाळा येईल' असं मी म्हणालो. कंटाळा आला की काढता येणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे हे माझ्या डोक्यात नव्हतं.

त्र्यंबकची_वाट | रात्री १०.२०

शब्दाबद्दल. 'अ‍ॅप्रोप्रिएशन'ला काही जण 'विनियोग' म्हणतात, तो मला बँकेतला शब्द वाटतो. मला 'उसनं' आणि 'हडप' हे दोन शब्द पुरतात. आमच्याकडे शेजारून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी परत करत नाहीत, काहीतरी घालून देतात. निदान कुणाच्या घरून आणली हे तरी लक्षात असतं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. २०१९ मध्ये जीआय, म्हणजे मूळ भागाच्या नावाची सरकारी नोंद, मिळालेली वस्तू ती! मग कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. तेव्हा आपल्याला कुणी 'अहो, चप्पलच तर आहे' म्हटलं असतं तर चाललं असतं का?

अ‍ॅड_गंगापूररोड | रात्री १०.४०

चपलेला जीआय देता येतो कारण ती विशिष्ट भागातले कारागीर बनवतात. केसांच्या रचनेला मालक नसतो. माणसाच्या केसांना विंचरणं थांबलं की जगात कुठेही गुंता होतो. मालकीची भाषा इथे आणली तर उद्या कुणीतरी म्हणेल, खोपा फक्त आमच्या जातीच्या बाईने घालावा. हे आपल्याकडे होऊन गेलंय. कोणी कुठला दागिना घालायचा, पदर कसा घ्यायचा, हे जातीवर ठरत होतं. म्हणून मी 'तुला हे करायचा हक्क नाही' या वाक्याच्या कायम विरोधात राहीन.

नाशिकरोड_७७ | रात्री ११.००

वकीलसाहेब, हक्क नाही असं मी म्हणत नाही. जातीवरून पेहराव ठरवण्याचा जाच आमच्या लोकांनीच जास्त सोसलाय. मी म्हणतो, घेतलंत तर त्यामागच्या माणसाकडे बघा. माझ्या चुलत्यांकडे बघून त्या गॅदरिंगमध्ये कुणालाही हसता आलं नसतं.

अ‍ॅड_गंगापूररोड | रात्री ११.१०

हे मान्य. पण हे कायद्याने करवून घेता येत नाही आणि करवून घेऊही नये, एवढंच माझं म्हणणं.

दूरदेशी_नाशिककर | सकाळी ८.००

अवांतर, पण याच धाग्यातलं. तिरुपतीला भाविक केस वाहतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं, आणि ते केस विग आणि एक्स्टेन्शन होऊन जगभर जातात. इथल्या दुकानांत 'इंडियन हेअर' म्हणून महाग विकतात, कृष्णवर्णीय बायका मोठ्या प्रमाणावर घेतात. नवस फेडणाऱ्या कुणा बाईचे केस अटलांटातल्या ऑफिसात कुणाच्या डोक्यावर असतात, कारण तिचे स्वतःचे केस ऑफिसला 'नीटनेटके' वाटत नाहीत. त्या टीममधल्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो.

गोदाकाठची_लेक | दुपारी १२.३०

नमस्कार. मी ती मुलगी. आईने धागा दाखवला, सगळा वाचला, मग खातं काढलं.

खरं सांगते, करताना मला जमैका माहीत नव्हतं. एका गायकाचे केस आवडले होते आणि मला रोज सकाळी आरशासमोर केस सरळ करायचा कंटाळा आला होता. माझे केस कुरळे आहेत. लहानपणापासून सगळे 'तेल लाव, बसतील' म्हणायचे. लॉक्स केले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझे केस काही चूक करत नाहीयेत.

मैत्रिणीशी मी दोन दिवस बोलले नव्हते. काल तिच्या घरी गेले, कोरल गार्डन्सचं मिळून वाचलं. ती म्हणाली, मी तुला काढ म्हणत नाही, कुणी विचारलं तर 'अशीच फॅशन' म्हणू नकोस. ते मला पटलं.

नाशिकरोड काकांचं वाचल्यावर मात्र मला काय लिहावं सुचलं नाही. आठवीत असताना आमच्या गॅदरिंगमध्येही तसा नाच होता. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आत्याआजीला भेटायला जायचंय. आई घाबरतेय. मी पण.

वस्तरा_पंचवटी | दुपारी १.१५

बाळ, जा. आणि मुळाशी ओढ बसतेय का ते सांग, दुकानात ये, मी बघून देतो. पैसे नकोत.

शाळेच्या_बाई | दुपारी १.४०

आत्याबाईंना आधी फोन करून सांग. एकदम समोर जाऊ नकोस. त्यांना वयाच्या बाराव्या वर्षापासूनचं सगळं आठवेल.

गोदाकाठची | रविवार, रात्री ९.२०

आज जाऊन आलो.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे काल फोन केला होता. मी अडखळत सांगितलं, आत्या एवढंच म्हणाली, "आण तिला."

ओसरीवर बसली होती. लेक वाकून पाया पडली तेव्हा सगळे लॉक्स पुढे आले. आत्याचा हात हवेत तसाच थांबला. मग तिने एक लॉक बोटांत धरला, टोकापासून मुळापर्यंत चाचपला, जशी बाजारात दोरी बघतात तसा. मुळाशी टाळूला बोट लावून विचारलं, "दुखतं का?" लेक म्हणाली, नाही. "झोपता येतं?" येतं. मग दोघी जरा गप्प. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "आणि पाणी चालतं याला?"

लेक म्हणाली, "हो आजी, आठवड्यातून एकदा धुते. आजच धुवायचे होते, तुझ्याकडे यायचं म्हणून राहिले."

आत्या उठली, चुलीवर पाणी ठेवलं. शिकेकाई तिच्याकडे कायम असते, स्वतःसाठी कुटून ठेवते. मी म्हणाले, अगं शिकेकाईचा चोथा आत अडकेल, गाळून घे. तिने धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळली. न्हाणीत लेकीला पाटावर बसवलं आणि एकेक लॉक हातात घेऊन, वरून खाली पिळत, धुतला. माझ्या लेकीचं डोकं मीही इतक्या निगुतीने कधी धुतलं नसेल. मध्येच म्हणाली, "माझ्याला एकतीस वर्षं पाणी नाही लावलं गं कुणी." माझ्या लेकीने तिचा ओला हात धरून ठेवला. पाणी निवायला लागलं तसं आत्या म्हणाली, सोड, अजून मागचे राहिलेत.

वस्तरा दादांनी सांगितलं होतं की आतपर्यंत वाळले पाहिजेत. म्हणून दोघी अंगणात उन्हात पाठ करून बसल्या. आत्या मधूनमधून हात लावून बघायची आणि म्हणायची, अजून ओले आहेत, बस. शेवटची बस गेली, तरी वाळले नव्हते. शेजारच्यांनी पिंपळगावपर्यंत सोडलं.

येत्या गुरुवारी आत्या नाशकात येतेय, दुकान बघायला. दादा, तिला तुमच्याकडे आणू का?

वस्तरा_पंचवटी | रविवार, रात्री ९.४५

अवश्य आणा. सकाळी अकरानंतर, गर्दी नसते. खुर्ची खिडकीपाशी ठेवतो.